वीस रात्रींना एक : पॉइंटवरचं कोलकाता

डिसेंबरात हॉटेलवाल्यांचा मेसेज आला की तुमचे पॉइंट फेब्रुवारीअखेर संपतील. सत्तावीस हजार आणि वर काही. तीन वर्षं ऑफिसच्या कामासाठी चेन्नई-हैदराबादच्या फेऱ्या मारताना एकाच साखळीतल्या स्वस्त हॉटेलांत उतरत होतो, त्याची ही पुण्याई. बायकोला सुट्टी नव्हती, मुलीची परीक्षा होती. आई म्हणाली, "मी मोकळीच आहे." आईचं वय ७१, गुडघे बरे, आणि कोलकात्याला जायचं तिच्या मनात माझ्या जन्माआधीपासून होतं.

संक्रांत झाली की निघायचं असं ठरलं. शुक्रवार १६ जानेवारी ते सोमवार १९, तीन रात्री. रात्रीला नऊ हजार पॉइंट, म्हणजे हिशेब जेमतेम बसला.

शुक्रवार

पुण्याहून विमान, विमानतळावरून टॅक्सी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हॉटेल सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये होतं. कोलकात्यातली साखळीची परवडणारी हॉटेलं बरीचशी याच बाजूला, सेक्टर फाइव्ह आणि न्यू टाउनमध्ये आहेत, कारण आयटीची ऑफिसं तिथे. जुनं शहर इथून लांब, म्हणून लोक नाक मुरडतात. पण ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची ग्रीन लाइन सेक्टर फाइव्हपासून थेट हावडा मैदानापर्यंत सलग झाली आहे आणि ती तक्रार बरीचशी मिटली आहे. हॉटेल निवडताना नकाशावर व्हिक्टोरिया किती लांब ते बघू नका, मेट्रोचं स्टेशन किती पावलांवर आहे ते बघा.

रिसेप्शनवरच्या पोराने दोघांची आधार कार्डं घेतली आणि मग विचारलं, "सर, क्रेडिट कार्ड?"

आईने माझ्याकडे वळून बघितलं. "फुकट म्हणाला होतास ना?"

फुकटच होतं. पण खोलीत काही खाल्लं-प्यालं, काही मोडलं, तर वसूल कुठून करणार, म्हणून हॉटेलवाले कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. इथे दोन हजार रुपये. ते कापले जात नाहीत, नंतर चार-पाच दिवसांत सुटतात. हे मी आईला लिफ्टमध्ये समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या वेळी गॅस सिलिंडरचं डिपॉझिट असंच असायचं. ते अजून परत यायचंय."

खोलीत एकच मोठा पलंग. चूक माझी. पॉइंटवर जी खोली मिळते ती सगळ्यात साधी, आणि त्यात एक पलंग की दोन हे आरक्षण करतानाच निवडायचं असतं. ते मी बघितलंच नव्हतं. खाली जाऊन सांगितलं, वीस मिनिटं लॉबीत बसलो, दोन पलंगांची खोली मिळाली. वीस मिनिटांत आईने रिसेप्शनवरच्या पोराला, दारावरच्या रखवालदाराला आणि सामान उचलणाऱ्या मुलाला तिळगूळ वाटला. रथसप्तमीपर्यंत वाटता येतो, म्हणून तिने घरून डबाभर आणला होता. पोराने लाडू तोंडात टाकला आणि म्हणाला, "माशीमा, हे तर आमचे तिलेर नाडू." माशीमा म्हणजे मावशी. त्या क्षणापासून सोमवारपर्यंत आई सगळ्या हॉटेलाची माशीमा होती. मी 'रूम चारशे बारा'च राहिलो.

खोली लहान, पण चकचकीत. खिडकीतून काचेच्या इमारती, त्यांच्यामागे धुकं. आईने दशम्या आणि दाण्याची चटणी काढली आणि आम्ही पलंगावर टॉवेल अंथरून जेवलो. तेव्हा तिने विचारलं, हे पॉइंट नक्की मिळतात कसे. मी सांगितलं, की साधारण साठेक रात्री वेगवेगळ्या गावांत राहिलो, त्या बिलांवर हे साठले.

ती बोटांवर मोजत होती. "साठ रात्री तू घरी नव्हतास, त्याच्या या तीन. वीसला एक." जरा थांबून म्हणाली, "वाणीसुद्धा यापेक्षा बरं वजन करतो."

मी उठून किटलीत पाणी घातलं.

रात्री खाली फिरायला गेलो. ऑफिसं सुटून गेली होती, तरी कोपऱ्यावरच्या टपऱ्या चालू होत्या. मातीच्या भांडात चहा. भांड म्हणजे बोटभर उंचीचा, बिनकानाचा, कच्च्या विटेच्या रंगाचा पेला. ओठाला लागला की आधी मातीचा वास आणि मग आल्याचा. लोक चहा संपला की तो डब्यात भिरकावतात. आईचा हात डब्यापर्यंत गेला आणि परत आला. "एवढी चांगली पणती फेकायची?" दोन्ही भांडं धुऊन खिडकीच्या कठड्यावर पालथी घातली.

शनिवार

नाश्ता पॉइंटमध्ये नव्हता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. रोख भरून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तो खोलीबरोबर असतो, पॉइंटवाल्यांना साखळीनुसार, कधी सभासदत्वाच्या पायरीनुसार. आरक्षणाच्या पानावर 'फक्त खोली' लिहिलेलं असतं ते वाचायचं. वेगळा घेतला तर माणशी साडेसहाशे रुपये. आईने काचेतून आत ठेवलेल्या इडल्यांकडे बघितलं आणि सरळ दाराबाहेर पडली.

बरंच झालं. कारण मेट्रो स्टेशनकडे जाताना एका हातगाडीवर कराईशुटिर कोचुरी तळणं चालू होतं. हिरवा मटार वाटून, हिंग-आलं घालून भरलेली पुरी. ही थंडीतच मिळते, मटार संपला की संपली. बरोबर छोलार डाल, म्हणजे हरभऱ्याची डाळ, थोडी गोड, तिच्यात खोबऱ्याचे बारके तुकडे तळून घातलेले. आई पहिल्या घासाला म्हणाली "मटार करंजी", दुसऱ्याला म्हणाली "नाही, करंजीपेक्षा बरी." स्वतःच्या करंजीविरुद्ध तिने दिलेला हा माझ्या माहितीतला पहिला निकाल. चार कोचुऱ्या, डाळ आणि चहा मिळून दोघांचे शंभरच्या आत झाले. भांडं चार झाली.

मग मेट्रोने हावडा. हुगळीखालून जाणारा हा बोगदा मार्च २०२४ मध्ये लोकांसाठी खुला झाला; नदीखालून जाणारी देशातली पहिली मेट्रो. नदीखालचा भाग ५२० मीटरचा, गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लावलेत म्हणून कळतं तरी, नाहीतर कुठला कोपरा नदीचा हे समजलं नसतं. आईने हात जोडले. गंगा डोक्यावरून चाललीय म्हणाली, अंघोळीचं पुण्य मिळेल का? शेजारच्या बाईंना हिंदीतून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की पुढचं स्टेशन आलं तरी हसत होत्या.

हावडा स्टेशनबाहेर गर्दी म्हणजे गर्दीच. गंगासागरच्या यात्रेचे लोक परतत होते. डोक्यावर गाठोडी, हातात पाण्याचे कॅन, एकाच्या खांद्यावर म्हातारी आई. माझ्या आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, आपण चालत पूल ओलांडूया.

हावड्याचा पूल १९४३ चा. त्यात नट-बोल्ट नाहीत, सगळं पोलाद रिव्हेटांनी जोडलेलं. लांबी सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे चालायला काही नाही, पण समोरून हमालांच्या डोक्यांवरून येणारे हारे चुकवत चालायचं म्हणजे वीस मिनिटं धरा. लोखंडी खांबांच्या तळाशी फायबरची आवरणं दिसतात, ती पानाच्या पिचकाऱ्यांमुळे घालावी लागली. थुंकीने पोलाद झिजत होतं. आईचं मत, "आपल्याकडे जिन्यात देवाच्या टाइल्स लावतात, इथे एवढ्या पुलाला कुठे देव पुरवणार."

पूल उतरल्यावर डाव्या-उजव्या हाताला विचारत न बसता नाकाच्या भरवशावर जा, मल्लिक घाटाचा फूलबाजार सापडतोच. जमीन ओली, पाकळ्यांचा चिखल, त्यात झेंडूच्या माळा दोरखंडासारख्या वेटोळी करून ठेवलेल्या. माळा विकणारे त्या अंगावर घालूनच फिरतात, लांबून फक्त केशरी ढीग चालत येताना दिसतो. इथे चपला घालू नका, बूट घाला, किंवा घसरायची तयारी ठेवा. मी घसरलो. आईने एका बाईशी मराठी-हिंदीत घासाघीस करून माळ घेतली, आणि घेतल्यावर तिच्याच हातावर तिळगूळ ठेवला. त्या बाईने घासाघीशीत कमी केलेले पाच रुपये परत मागितले नाहीत, पण माळेवर एक पांढरी शेवंती जास्त टाकली.

पिवळ्या टॅक्सीने कॉलेज स्ट्रीट. अँबेसेडर गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पंधरा वर्षांच्या नियमाने एकेक टॅक्सी भंगारात जाते आहे, तेव्हा बसून घ्या. दार बंद करायला दोन वेळा आपटावं लागलं. कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांच्या टपऱ्यांच्या भिंती. आईला बंगाली येत नाही, तरी ती तासभर पुस्तकं उघडून वास घेत होती. कॉफी हाउसचा जिना चढून वर गेलो. ही जुनी अल्बर्ट हॉलची जागा. उंच छत, पंखे, पांढऱ्या गणवेशातले तुरेवाले वाढपी, भिंतीवर रवींद्रनाथ, आणि असा आवाज की मंडईत बसल्यासारखं वाटावं. 'इन्फ्युजन' मागवलं तर बिनदुधाची कॉफी येते, हे लक्षात ठेवा. आईने माहीत नसताना मागवली, दोन घोट घेतले आणि "काढा आहे" म्हणून माझ्याकडे सरकवली.

खोलीवर परतलो तर कठडा रिकामा. साफसफाईवाल्याने चारही भांडं कचऱ्यात टाकली होती. त्याची काय चूक? त्याच्या शहरात ते कचरा आहेत. पण आई पायऱ्या उतरून रिसेप्शनवर गेली. तो मघाचा पोरगा गोंधळला, "माशीमा, ते तर फेकायचेच असतात." आई म्हणाली, "तुमच्यात."

रात्री मी हॉटेलच्या ॲपवर सहज दर बघितले, आणि बघायला नको होते. शनिवार-रविवारी ऑफिसं बंद असल्याने शुक्रवार-शनिवारच्या रात्रींचा इथला दर पडतो. त्या दोन रात्री ४,३०० ची खोली, रविवारची ५,४०० ची. पाच टक्के जीएसटी धरून तिन्ही रात्रींचे १४,७०० रुपये, म्हणजे एका पॉइंटला चोपन्न पैसे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आलो असतो तर पॉइंट तेवढेच आणि वाचले असते जास्त. पॉइंट वापरण्याआधी हा भागाकार करायचाच: करासकट रोख दर भागिले पॉइंट. सगळीकडे मात्र हे चालत नाही. अकॉर या हॉटेल-साखळीत दोन हजार पॉइंट म्हणजे बिलातून चाळीस युरो कमी, असा ठरलेला भाव आहे, तिथे दिवस निवडून फायदा नाही. मॅरियटमध्ये पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर त्यातली एक मोफत पडते, पण दोन वर्षं काहीच हालचाल केली नाही तर सगळेच पॉइंट जातात. हालचाल म्हणजे मुक्कामच हवा असं नाही, थोडेसे पॉइंट मिळवले किंवा वापरले तरी मुदत लांबते. मला हे आधी माहीत असतं तर जानेवारीची घाई केली नसती. मग कोचुरीही मिळाली नसती, म्हणून गप्प बसलो.

रविवार

थंडी वाढली. कोलकात्याची जानेवारी आपल्या पुण्यासारखीच, पण इथले लोक तिला फार मान देतात. कानटोपी घातल्याशिवाय कोणी चहा पीत नव्हतं.

एस्प्लनेडला गाडी बदलून शोभाबाजार-सुतानुटी. एस्प्लनेडला जमिनीखाली बरंच चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांनी दहा मिनिटं जास्त धरावीत. ही दुसरी, निळी लाइन देशातली पहिली मेट्रो; २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर सुरू झाली.

स्टेशनजवळच कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. २३ तारखेला वसंत पंचमी, म्हणजे इथली सरस्वतीपूजा, त्यामुळे गल्ल्या सरस्वतीने भरल्या होत्या. पेंढ्याचा सांगाडा, त्यावर माती, त्यावर पांढरा रंग, डोळे शेवटी. एका बोळात चाळीसेक सरस्वत्या ओळीने उभ्या, सगळ्या आंधळ्या, आणि टोकाला एक कारागीर एका मूर्तीच्या पापणीवर ब्रश टेकवून श्वास रोखून उभा. आम्हीही रोखला. रेघ ओढून झाल्यावर त्याने पहिल्यांदा बिडी पेटवली. फोटो काढण्याआधी विचारा. काहींना चालतं, काहींना नाही.

तिथून उत्तरेला बागबाजार चालत. मला तिथे एक गल्ली बघायची होती, मराठा डिच लेन.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ मध्ये बंगालात शिरल्या. कलकत्त्यात घबराट झाली, आणि शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला, मराठे काही शहरात आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्याच्यावरून सर्क्युलर रोड गेला. राहिलं ते एका गल्लीचं नाव. आणि एक शब्द, बर्गी. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःच्या घोड्यावरचा शिलेदार. बंगालने त्यातला बारगीर तेवढा लक्षात ठेवला. तिथे अजून बाळाला झोपवताना बर्गी आले म्हणून गाणं म्हणतात. शाळेत अटकेपार झेंडे वाचताना ही बाजू आपल्याला कोणी सांगत नाही. गावं जळली होती, ती आपल्याकडच्या फौजांनी.

गल्ली म्हणजे गल्लीच. वाळत घातलेले गमछे, ओट्यावर कॅरम, बंद दुकान. आई विचारत होती, "खंदक कुठाय?" ओट्यावरच्या आजोबांनी इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. पुणे म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि घराच्या आत तोंड करून ओरडले, "ओगो, बर्गी एशेछे!" आतून दोन बायका आणि एक नातू धावत बाहेर आले आणि आम्हाला बघून त्यांची निराशाच झाली असावी: मफलर गुंडाळलेली एक म्हातारी आणि पाठीला सॅक लावलेला तिचा मुलगा.

आईला मी अर्थ सांगितला, "अगं, बर्गी आलेत!" ती जरा ओशाळली. मग पिशवीतून डबा काढला आणि नातवाच्या हातावर दोन लाडू ठेवले. "सांग त्यांना, बर्ग्यांकडून. गोड बोला म्हणावं." आजोबा म्हणाले, चौथ वसूल करायच्या ऐवजी देताय, काळ बदलला. त्यांच्या घरून पाटीशापटा आला, संक्रांतीचा उरलेला. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, आत नारळ आणि नोलेन गूळ, म्हणजे खजुराच्या रसाचा. हा गूळही थंडीतलाच. धुरकट वास, आपल्या काकवीचा लांबचा भाऊ. आईने कृती लिहून घेतली. आजोबांच्या सूनबाई बंगालीत सांगत होत्या, आई मराठीत लिहीत होती, मध्ये मी हिंदीत लुडबुड करत होतो. शेवटी दोघींनी मला बाजूला बसवलं.

निघताना दोन भांडांतून चहा आला. आईने ती मागून घेतली. कोणी कारण विचारलं नाही.

सोमवार

व्हिक्टोरिया मेमोरियल शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. सोमवारी त्याचं संग्रहालय बंद असतं. इंडियन म्युझियमही बंद. मी तीन आठवडे पॉइंटचा हिशेब केला आणि वार बघितला नाही. तुम्ही बघा.

मग दुपारी दोन वाजेपर्यंत खोली मागून घेतली. सभासदांना असं विचारता येतं; हॉटेल भरलेलं नसेल तर देतात, फक्त आदल्या रात्री विचारावं. विमान संध्याकाळचं होतं. मी मेट्रोने जाऊन नोलेन गुळाचे सोंदेश घेऊन आलो. ते फार टिकत नाहीत, हातात घेऊन विमानात बसायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. परतलो तर आई पलंगावर बसून काहीतरी बांधत होती. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून तिने आणखी पाच भांडं न चहा पिता विकत आणली होती. सात भांडं, आणि प्रत्येकाला बाथरूममधली प्लॅस्टिकची टोपी. एका खोलीत दोनच टोप्या असतात.

"बाकीच्या?"

"तो साफ करणारा मुलगा देऊन गेला. त्याला वाईट वाटत होतं."

रिसेप्शनवर हिशेब केला. पोरगा म्हणाला, सर, काही देणं नाही. आईने छापील बिल मागितलं. ० रुपये लिहिलेला कागद निघाला, तो तिने दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये आधार कार्डाशेजारी ठेवला. "सुनेला दाखवते."

विमानतळावर सुरक्षा तपासणीत पिशवी बाजूला काढली. जवानाने एकेक टोपी उचलून आत बघितलं. सातव्याला पोचेपर्यंत मागची रांग पार वळणापर्यंत गेली होती. तो काही बोलला नाही, डोकं हलवलं आणि टोप्या होत्या तशा परत घालून दिल्या.

पुण्यात पोचलो तेव्हा सहा शाबूत होती, सातव्याला तडा गेला होता. त्यात आईने मेथी पेरली आहे.